पहिल्या ओळीवरचं नाव

सिंधुदुर्गातल्या एका सड्यावरच्या बेडकांचे सिक्वेन्स, म्हणजे डीएनएतल्या अक्षरांचे क्रम, ब्लास्टमध्ये टाकले (हे साधन ते क्रम जेनबँक या सार्वजनिक साठ्यातल्या नोंदींशी ताडून पाहतं) आणि यादीच्या पहिल्याच ओळीवर ईशान्य भारतातल्या एका जातीचं नाव आलं. साम्य ९९.८ टक्के. ती जात कोकणातल्या जांभ्याच्या पठारावर सापडण्याचं काहीच कारण नव्हतं. तरी आकडा असा होता की घाईत असलेल्या माणसाने तो सरळ तक्त्यात उतरवला असता. त्या दिवशी संगणकावर जे काम केलं, ते प्राणिशास्त्रातून नुकतंच संशोधनात आलेल्या प्रत्येकाला कधी ना कधी करावं लागतं. म्हणून ते सविस्तर लिहितो.

बेडूक मिनर्व्हार्या गटातले, तीनेक सेंटिमीटरचे, मातकट रंगाचे. जुन्या नोंदींत हीच मंडळी राना, मग लिम्नोनेक्टेस, फेजर्व्हार्या, काही काळ झाकेराना अशा नावांनी सापडतात. दिसायला एकमेकांसारखे असल्याने नुसत्या फोटोवरून जात सांगणं धोक्याचं. २०१७ साली एकाच शोधनिबंधातून पश्चिम घाटातल्या याच गटाच्या चार नव्या जाती पुढे आल्या, यावरून इथे किती काम शिल्लक आहे ते कळावं. आमच्या सड्यावर नरांचे दोन वेगळे आवाज येत होते. एक आवाज भातखाचराच्या बांधालगत, दुसरा वर कातळावरच्या डबक्यांच्या कडेला, गवताच्या बुडख्यात. सोबत येणाऱ्या गावातल्या काकांनी पहिल्याच रात्री सांगितलं होतं, "हो वेगळो, तो वेगळो." त्यांचा कान खरा ठरला, पण ते पुढे येईल.

रात्रीच्या कामात एकच नियम कसोशीने पाळायचा असतो: एक नर, एक क्रमांक. ध्वनिमुद्रण, फोटो, डीएनएचा नमुना, तापमान हे सगळं त्याच क्रमांकाखाली. मायक्रोफोन नरापासून साधारण एक मीटरवर, फाइल वेव्ह स्वरूपात, ४४.१ किलोहर्ट्झला. एमपीथ्री नको, त्यात आवाजाचा काही भाग दाबला जातो. मुद्रण संपताच हवेचं आणि पाण्याचं तापमान घ्यायचं, कारण ऊब वाढली की हे बेडूक भराभर ओरडतात आणि दोन रात्रींची तुलना फसते. मग नवे नायट्राइल हातमोजे चढवायचे, प्रत्येक बेडकामागे वेगळी जोडी, म्हणजे बुरशीचा संसर्गही पसरत नाही आणि एकाचा डीएनए दुसऱ्याला लागत नाही. हाताला डासांचं मलम लावलेलं असेल तर बेडकाला हात लावूच नये, त्याची त्वचा सगळं शोषून घेते. तोंडात कापसाची बारीक काडी काही सेकंद फिरवली की बहुतेक वेळा पुरेसा डीएनए मिळतो आणि नर जिथे होता तिथे परत सोडता येतो. जांभ्यावर फुरशी भरपूर असतात, त्यामुळे गमबूट घातल्याशिवाय आणि बॅटरी मारून पाहिल्याशिवाय दगडाला हात लावायचा नाही.

प्रत्येक आवाजाचे मोजके नर व्हाउचर म्हणून, म्हणजे पुढे कोणालाही तपासता येतील असे, संग्रहात जपावे लागतात, तेही वनखात्याची लेखी परवानगी आणि जागामालकाची संमती घेऊनच. सडा बऱ्याचदा खाजगी किंवा गावकीचा असतो. व्हाउचर फॉर्मॅलिनमध्ये घालण्याआधी मांडीच्या स्नायूचा तुकडा काढायचा, कारण फॉर्मॅलिनने डीएनए खराब होतो. तुकडा मसुराच्या दाण्याहून मोठा नको, नाहीतर अल्कोहोल आतपर्यंत पोचत नाही. निव्वळ इथेनॉल तुकड्याच्या दहापट, आणि दुसऱ्या दिवशी ते बदलायचं, कारण ऊतीतलं पाणी उतरून ते पातळ झालेलं असतं. चिठ्ठी पेन्सिलने लिहून कुपीच्या आत टाकायची. बॉलपेनची शाई इथेनॉलमध्ये विरघळते आणि मग हातात निळसर पाणी नि कोरा कागद उरतो.

आता त्या पहिल्या ओळीकडे.

आधी आमचाच माल तपासला. बांधावरच्या नरांच्या मायटोकॉन्ड्रियातल्या १६एस जनुकाचा तुकडा पीसीआरने वाढवून, म्हणजे त्याच्या असंख्य प्रती करून, दोन्ही बाजूंनी सँगर पद्धतीने वाचून घेतला होता. वाचनाचे आलेख उघडून पाहिले: सुरुवातीचे तीस-चाळीस बेस (डीएनएची अक्षरं) नेहमीप्रमाणे गढूळ, ते आणि प्रायमरचा, म्हणजे पीसीआर सुरू करून देणाऱ्या छोट्या तुकड्याचा, भाग कापला. मधे शिखरं सुटी, एकावर एक चढलेली नव्हती. फ्रेड गुण, म्हणजे अक्षर बरोबर वाचल्याच्या खात्रीचा आकडा, २० असेल तर शंभरात एक चूक, आमचा बहुतेक भाग त्याच्या बराच वर होता. कोऱ्या नळीतून, म्हणजे डीएनए न घातलेल्या पीसीआरमधून, पट्टा आलेला नव्हता, म्हणजे बाहेरचा डीएनए मिसळलेला नव्हता. दोन्ही बाजू जुळवून ५४० बेसचा सिक्वेन्स तयार झाला. त्याचे मधोमध दोन भाग करून वेगवेगळे ब्लास्ट केले. दोन जातींचा डीएनए मिसळून जोड-सिक्वेन्स झाला असता तर अर्धे भाग वेगळ्या नावांकडे गेले असते. तसं झालं नाही.

मग यादी खाली सरकवत नेली, आणि खरी गोष्ट तिथे दिसली. पहिल्या ओळीशी आमचा फरक ५४० पैकी एका बेसचा. पण त्याच नावाच्या बाकी सगळ्या नोंदी खूप खाली, ४९ बेसच्या फरकावर, म्हणजे ९ टक्क्यांहून जास्त. बेडकांच्या १६एसमध्ये ३ टक्क्यांच्या पुढे गेलं की वेगळ्या जातीचा संशय घेतात. एकाच जातीत ९ टक्के म्हणजे कुठेतरी नाव चुकलंय. मधल्या एका ओळीवर पश्चिम घाटातल्या एका जातीची नोंद होती, तिच्याशी साम्य चक्क १०० टक्के, तरी ती खाली का? कारण ती नोंद आखूड होती; आमच्या ५४० पैकी फक्त ४०० बेसवर तिचा मेळ बसत होता. ब्लास्ट यादी लावतो ती साम्याच्या टक्क्यांवर नाही. गुण जुळलेल्या लांबीनुसार वाढतात. ४०० पैकी ४०० पेक्षा ५४० पैकी ५३९ ला जास्त गुण, म्हणून चुकीच्या नावाची लांब नोंद वर आणि खऱ्या नावाची आखूड नोंद खाली. मला हा भाग फार महत्त्वाचा वाटतो, कारण शेकडो नमुने असले की लोक पहिली ओळ उचलणारी छोटी स्क्रिप्ट लिहितात आणि हीच चूक शेकड्याने छापली जाते.

दोन्ही नोंदी उघडल्या. पहिलीत व्हाउचर क्रमांक नाही, ठिकाणाच्या जागी नुसतं 'भारत', शोधनिबंध अप्रकाशित. दुसरीत संग्रहालयाचा क्रमांक, गाव, अक्षांश-रेखांश, आणि तो नमुना जातीच्या मूळ वर्णनातला, म्हणजे ज्यावरून जातीला नाव दिलं त्यांपैकी. ब्लास्टच्या पानावर फक्त अशा मूळ नमुन्यांतच शोधण्यासाठी एक चौकोन असतो. गोंधळ वाटला की तो आधी टिचकवावा. नंतर माफ्ट या प्रोग्रॅमने सगळ्या नोंदी जुळवून आयक्यू-ट्री या दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये वंशवृक्ष काढला. पहिल्या ओळीवरची नोंद तिच्या नावाच्या बाकी नोंदींना सोडून पश्चिम घाटाच्या फांदीत, आमच्या बांधावरच्या नरांशेजारी जाऊन बसली.

जेनबँक ही साठवण आहे. नोंदीतलं चुकलेलं नाव सहसा ती भरणाराच बदलू शकतो, म्हणून नोंदीच्या धन्याला वृक्ष जोडून पत्र पाठवलं. उत्तर येवो न येवो, आमच्या निबंधाच्या पुरवणीत त्या नोंदीचा क्रमांक आणि ती का वगळली ते लिहिलेलं असेल.

या अनुभवानंतर आमच्या नोंदी भरताना हात आखडता घ्यायचा प्रश्नच नव्हता. व्हाउचर आकुर्डीच्या भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या केंद्रात, त्यांचा क्रमांक जेनबँकच्या नोंदीत. कच्चे आलेख, ध्वनिफिती आणि स्क्रिप्ट झेनोडो या खुल्या ऑनलाइन संग्रहावर, म्हणजे त्यांना कायमचा ओळख क्रमांक (डीओआय) मिळतो. तक्ता सीएसव्हीत, म्हणजे साध्या मजकुराच्या फाइलीत, आणि रकान्यांची नावं डार्विन कोअर या जीवनोंदींच्या ठरलेल्या पद्धतीप्रमाणे. एक्सेल वापरायचंच तर रकाना आधी 'मजकूर' करून घ्यावा. '१२', मग इंग्रजी 'ई', मग '५' असा नमुना क्रमांक दिसला की ते त्याचे बारा लाख करतं, आणि ७ ऑगस्टची ८ जुलैही करू शकतं. तारीख नेहमी वर्ष-महिना-दिवस अशीच.

जागेबाबत मात्र सगळं उघडं ठेवू नये. अक्षांशाचे चार दशांश म्हणजे सुमारे ११ मीटर, दोन म्हणजे सव्वा किलोमीटरच्या आत. या बेडकांना कोणी विकायला नेत नाही, त्यांची जागा पूर्ण दिली. त्याच रात्री दिसलेल्या टॅरंट्युलाची मात्र एका दशांशापर्यंतच, म्हणजे सुमारे ११ किलोमीटरच्या अंदाजाने, आणि अनिश्चिततेच्या रकान्यात तसा आकडा टाकून. तो रकाना रिकामा ठेवला तर पुढचा माणूस तो बिंदू नेमका समजून नकाशा काढतो.

कातळावरचा दुसरा आवाज? त्या नरांचा १६एस बांधावरच्या नरांपेक्षा ४ टक्क्यांहून वेगळा निघाला आणि मूळ नमुन्यांपैकी कुणाशीच जवळून जुळला नाही. पण त्या गटातल्या सगळ्या जातींच्या मूळ नमुन्यांचे सिक्वेन्स उपलब्ध नाहीत, आणि मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए फक्त आईकडून येत असल्याने संकर झालेला असला तरी तो एकटा कळवत नाही. त्यामुळे आता केंद्रकातलं किमान एक जनुक वाचायचं आहे, शेजारच्या सड्यांवरचे आवाज त्याच तापमानाला मुद्रित करायचे आहेत, आणि संग्रहालयातल्या जुन्या नमुन्यांची मापं कॅलिपरने घ्यायची आहेत. तोवर तक्त्यात त्यांच्या जातीचा रकाना 'मिनर्व्हार्या, जात अनिश्चित' असाच राहील.