आठ क्लिकमध्ये संपलेली कॅसेट

गिअरची सायकल स्टँडवर चढवली, पेडल फिरवत हँडलवरचा उजवा गिअर लिव्हर दाबत गेलो आणि आठव्या क्लिकला चेन सगळ्यात मोठ्या चकतीवर जाऊन बसली. लिव्हर अकरा गिअरचा, तपासायला लावलेल्या चाकावरची कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच) ही अकरा चकत्यांची. म्हणजे शेवटच्या चकतीपर्यंत दहा क्लिक लागायला हवेत. इथे दोन क्लिक शिल्लक, आणि मधल्या कुठल्याच चकतीवर चेन सरळ चालत नव्हती. सगळ्यात लहान चकतीवर आवाज नाही, मोठीवर नाही, मध्ये नुसती खडखड.

बाइक घेऊन आलेला मुलगा सातपूरला कारखान्यात कामाला आहे. ॲल्युमिनियमची फ्रेम, रिम ब्रेक, मुळात आठ गिअरची. त्याला सप्तशृंगी गडाचा घाट चढायचा होता, म्हणून त्याने एकाच विक्रेत्याकडून जुन्या पार्टची पिशवी उचलली होती: शिमानोच्या 105 मालिकेचे लिव्हर, 105 चा मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग), दोन कॅसेट आणि चाकांची जोडी. लिव्हर आणि डिरेलर त्याने घरीच चढवले होते. ‘‘काका, दोन्हीवर 105 लिहिलंय. मग जुळत का नाही?’’

नाशिकच्या डॉ. महाजन बंधूंनी 2015 मध्ये रेस अक्रॉस अमेरिका ही सायकल शर्यत पूर्ण केली, त्या सुमारास नाशकात बऱ्याच जणांनी रोड बाइक घेतल्या. त्यातल्या अनेक आता दुसऱ्या-तिसऱ्या हातात आहेत, आठ, नऊ किंवा दहा गिअरच्या. त्यामुळे हा प्रश्न माझ्यासमोर वारंवार येतो. पण एकाच पिशवीत इतक्या उलटसुलट गोष्टी क्वचित सापडतात.

लिव्हर 5800 मालिकेचे होते, 2014 मध्ये आलेल्या अकरा गिअरच्या 105 चे. डिरेलर मात्र 5700 चा, म्हणजे त्याआधीच्या दहा गिअरच्या 105 चा. आकार जवळपास सारखा, नाव सारखं. मॉडेल नंबर डिरेलरच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात असतो. कापडाने पुसून तो आधी वाचायचा, पैसे नंतर द्यायचे.

बिघाड कुठे होता ते आकड्यांत लगेच दिसतं. 5800 चा लिव्हर एका क्लिकला साधारण 2.7 मिमी केबल ओढतो. अकरा गिअरचा डिरेलर ओढलेल्या केबलच्या सुमारे 1.4 पट सरकतो, म्हणजे 3.8 मिमीच्या आसपास, आणि अकराच्या कॅसेटमधल्या दोन चकत्यांमधलं अंतरही जवळपास तेवढंच, 3.7 मिमी. जुना दहाचा डिरेलर 1.7 पट सरकतो. 2.7 गुणिले 1.7 केले की 4.6 मिमी होतात. दर क्लिकला जवळजवळ एक मिलिमीटर जास्त. दुसऱ्या क्लिकलाच चेन दोन चकत्यांच्या मधोमध येते आणि आठ क्लिकमध्ये सगळे 37 मिमी संपतात. केबल ताणून किंवा सैल करून हे दुरुस्त होत नाही. बॅरल ॲडजस्टरने (केबलचा ताण बदलायच्या स्क्रूने) सुरुवातीची जागा बदलते, पावलाची लांबी नाही. शिवाय आतल्या बाजूचा लिमिट स्क्रू (डिरेलर कुठपर्यंत सरकेल ते ठरवणारा) नीट लावलेला नसता, तर पुढच्या क्लिकला चेन थेट स्पोकमध्ये गेली असती.

शिमानोच्याच दहा गिअरच्या टियाग्रा 4700 च्या लिव्हरचा केबलचा ओढा अकराच्या रोड गिअरसारखा आहे, म्हणून तो जुन्या दहाच्या डिरेलरबरोबर चालत नाही. गिअर किती, एवढंच विचारून जोडी जमवणाऱ्यांची फसगत हमखास इथे होते.

चाकांच्या बाबतीत तर त्याचा अंदाज अगदी उलटा निघाला. चाकं दहा गिअरच्या काळातली. कोणीतरी सांगितलं होतं की अकराची कॅसेट यावर बसणार नाही, नवीन चाकं घे, नाहीतर अंबडला लेथवर फ्रीहबचा (कॅसेट बसते त्या नळीचा) खांदा 1.85 मिमी उतरवून आण. अकराच्या रोड चाकाचा फ्रीहब जुन्यापेक्षा 1.85 मिमी लांब असतो, हे खरंच आहे. पिशवीतली 11-28 कॅसेट (सगळ्यात लहान चकती 11 दात्यांची, मोठी 28 ची) त्याच्यासमोर चढवून दाखवली: शेवटची 11 दात्यांची चकती ठेवली तर तिच्याखाली खाचा उरल्याच नाहीत, बोटाने ढकलली की चकती गरगर फिरत होती. लॉकरिंगला, म्हणजे कॅसेट आवळून धरणाऱ्या रिंगला, पकडच नाही.

मग दुसरी कॅसेट घेतली, 11-34, एचजी 700. ती त्याच फ्रीहबवर कुठलीही रिंग न घालता बसली. मोठी कॅसेट बसते आणि लहान बसत नाही, हे त्याला पटेना. फ्लँजपासून (हबच्या कडेच्या चकतीपासून) स्पोक रिमकडे जाताना आत, चाकाच्या मध्याकडे झुकत जातात. 34 ची चकती इतकी मोठी आहे की तिच्या दात्यांपाशी स्पोक बरेच आत गेलेले असतात, म्हणून ती फ्रीहबच्या बाहेर, आतल्या बाजूला थोडी लटकती ठेवता येते आणि जागा वाचते. 28 च्या चकतीला तिथे एवढी मोकळीक नसते. हीच 11-34 अकराच्या चाकावर घालायची असेल तर मात्र तिच्या मागे 1.85 मिमीची रिंग लागते. लॉकरिंग 40 न्यूटन मीटरला आवळलं, कॅसेटमध्ये डग उरला नाही. लेथचं काम इथे करूच नये. ज्या खांद्यावर कॅसेट टेकते तोच कापायचा, आणि तोही एक चांगली कॅसेट हातात असताना!

चाकाची बाकी तपासणी झटपट उरकली. ड्रॉपआउटमधलं, म्हणजे मागचं चाक बसतं त्या खाचांमधलं, अंतर व्हर्नियरने 130 मिमी, हबही 130 चा. स्टीलच्या जुन्या 126 च्या फ्रेमला पसरवता येतं, ॲल्युमिनियमला कधीच नाही. रिम 622 ची, म्हणजे 700 सी. जुन्या बाइकवर 27 इंची, 630 ची रिमही सापडते, तेव्हा टायरवरचा आकडा वाचावा. ब्रेक लागतो त्या पट्ट्यावर स्टीलची पट्टी आडवी धरली, खळगा नव्हता. मागच्या चाकाचा थोडा आऊट (वाकडेपणा) काढला.

आता डिरेलर. पुढच्या चकत्या 50-34, मागे 11-34. पुढचा फरक 16, मागचा 23, बेरीज 39. एवढी ढिली चेन गोळा करणारा आणि 34 ची चकती पेलणारा डिरेलर हवा. 105 आर 7000 चा लांब पिंजऱ्याचा (चेन ताणून धरणाऱ्या दांड्याचा) डिरेलर दोन्हींत बरोबर बसतो: कमाल 34, क्षमता 39. तो 5800 च्या लिव्हरबरोबर चालतो. आखूड पिंजऱ्याचा स्वस्तात मिळत होता, पण त्याची हद्द 30 ची.

तो लावण्याआधी हँगर, म्हणजे डिरेलर अडकवायचा फ्रेमचा कान, पाहिला. गेजने रिमवर चार जागी अंतर मोजलं, वर आणि खाली जवळजवळ 4 मिमी फरक. बाइक कधीतरी उजव्या कुशीवर पडलेली असणार. आठ गिअरमध्ये चकत्यांमधलं अंतर 4.8 मिमी असल्याने असा वाकडेपणा खपून जातो, 3.7 मध्ये खपत नाही. गेजच्याच दांड्याने हँगर हळूहळू सरळ केला. ॲल्युमिनियमचा हँगर एकदाच असा सरळ करावा. पुन्हा वाकला तर बदलायचा.

सगळ्यात जास्त वेळ मात्र ब्रेकवर बोलण्यात गेला, कारण तो खर्च त्याच्या हिशेबातच नव्हता. 5800 चे लिव्हर त्याच काळातल्या कॅलिपरसाठी (रिमवर पॅड दाबणाऱ्या चिमट्यासाठी) बनलेले आहेत. ते जास्त केबल ओढतात आणि जोर कॅलिपरच्या दांड्यांनी वाढवायचा असतो. जुन्या आठच्या बाइकचे कॅलिपर तसे नाहीत. त्यांना हे लिव्हर जोडले की पॅड पटकन रिमला टेकतात, हाताला कडक लागतं आणि ब्रेक पुरेसा चावत नाही. सपाट गंगापूर रोडवर हे जाणवणार नाही, गडावरून नांदुरीकडे उतरताना जाणवेल. मी त्याला स्पष्ट सांगितलं की कॅलिपर बदलल्याशिवाय बाइक देणार नाही. त्याने 5800 ची जोडी घेतली.

पुढचा डिरेलरही बदलावा लागला, कारण डाव्या लिव्हरचा ओढाही वेगळा. सीट ट्यूबचा व्यास 31.8 मिमी मोजून त्या मापाचा, लांब दांड्याचा 5800 आणला. क्रँक तसाच ठेवला. आठच्या क्रँकमध्ये दोन चकत्यांमधली फट जाड चेनच्या हिशेबाची असते, अकराची पातळ चेन क्वचित तिथे घसरते. म्हणून पुढचा गिअर चढावर जोर लावून बदलू नकोस, चढ सुरू होण्याआधीच लहान चकतीवर ये, असं बजावलं.

चेन अकराची नवी घेतली. पुढे मोठी, मागे मोठी, डिरेलरमधून न नेता गुंडाळली आणि दोन कड्या जास्त ठेवून तोडली. सगळ्या केबल आणि आउटर नवे. केबलचा बोल्ट 6 ते 7 न्यूटन मीटर, त्यापेक्षा जोर लावला की तारा चेपून तुटतात. बी स्क्रू फिरवून डिरेलरचं वरचं छोटं चाक 34 च्या चकतीपासून जेमतेम मोकळं ठेवलं. मग लिव्हर दाबत गेलो, दहा क्लिकमध्ये अकरा चकत्या, एकही न गाळता.

आता 34 ला 34, म्हणजे पेडलच्या एका फेरीला बाइक साधारण 2.1 मीटर पुढे जाते. 11-28 असती तर 2.5 च्या वर. मिनिटाला 70 फेऱ्यांनी हा वेग तासाला 9 किलोमीटरच्या आत येतो, तोच 28 वर साडेदहाच्या पुढे ठेवावा लागला असता. 5700 चा डिरेलर आणि 11-28 कॅसेट विकताना दोन्हीचे मॉडेल नंबर जाहिरातीत लिही, असं त्याला सांगितलं. नवीन केबल आणि आउटर बसले की मधले गिअर पुन्हा थोडे खडखडतील, तेव्हा बॅरल ॲडजस्टर पाव-पाव फेरी बाहेर फिरवायचा, लिमिट स्क्रूला हात लावायचा नाही.