एका संगणकावर दोन प्रणाली, आणि मधले दहा सेकंद

भुसावळच्या घरातला माझा संगणक सुरू केल्यावर पहिले पंधरा-वीस सेकंद काहीच बोलत नाही. डोळस माणसाला त्या वेळात पडद्यावर एक छोटी यादी दिसते आणि लिनक्स उघडायचे की विंडोज, हे बाणाच्या कळीने निवडता येते. मी जन्मापासून अंध आहे, त्यामुळे त्या यादीचे अस्तित्व मला केवळ तर्काने आणि अनुभवाने ठाऊक आहे. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर हा प्रणालीच्या आत चालणारा प्रोग्राम असतो, आणि ही यादी दाखवणारा ग्रब हा प्रोग्राम कोणतीही प्रणाली जागी होण्यापूर्वी चालतो. त्या क्षणी ध्वनीची यंत्रणाही सुरू झालेली नसते, मग बोलणार कोण?

एकच प्रणाली ठेवून हा प्रश्न मुळातच मिटवावा, असा सल्ला मला अनेकांनी दिला आहे, आणि तो देणाऱ्यांत अंध मित्रमैत्रिणीही आहेत. परंतु सावदा आणि रावेर भागातल्या काही केळी व्यापाऱ्यांचे हिशेब मी ठेवते, आणि त्यांचा हिशेबाचा प्रोग्राम फक्त विंडोजवर चालतो. उरलेल्या वेळात मी जुनी मराठी पुस्तके स्कॅन करून त्यांचा मजकूर अंध विद्यार्थ्यांसाठी काढते. ते काम टेसरॅक्ट या मुक्त प्रोग्रामने होते. तो विंडोजवरही चालतो, हे खरे. पण दोनशे पानांचे पुस्तक एका ओळीच्या आज्ञेने त्याच्या हवाली करून स्वयंपाकघरात निघून जाणे मला लिनक्सच्या टर्मिनलवरच सोयीचे वाटते. शिवाय माझा प्रोसेसर इंटेलच्या सातव्या पिढीतला असल्याने विंडोज ११ च्या अटींत तो बसत नाही, आणि विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यामुळे आता विंडोज इंटरनेटपासून तोडून केवळ हिशेबापुरते ठेवले आहे, आणि बाकी सर्व व्यवहार लिनक्सवर चालतात.

विंडोजच्या पोटातच लिनक्स चालवण्याची सोयही आहे. ती मी वापरून पाहिली आणि सोडली, कारण विंडोज मुके झाले तर त्याच्या पोटातले लिनक्सही माझ्या उपयोगाचे राहत नाही. दुसरी प्रणाली मला मुख्यतः दुसरा आवाज म्हणून हवी होती.

लिनक्सपैकी डेबियन निवडले ते केवळ एका अक्षरामुळे. डेबियनची प्रतिष्ठापना सुरू होताना, मदरबोर्डला बझर असेल तर, यादी तयार झाल्याची सूचना आवाजाने मिळते. तेव्हा 'एस' दाबून एंटर केले की पुढचे सारे प्रश्न बोलून विचारले जातात आणि पर्याय क्रमांकाने सांगितले जातात. डिस्कचे भाग पाडण्याचे धास्तीचे काम मी आधीच विंडोजमध्ये एनव्हीडीएच्या मदतीने करून घेतले होते. मायकेल करन या ऑस्ट्रेलियातील अंध तरुणाने २००६ मध्ये लिहायला घेतलेला हा स्क्रीन रीडर मोफत आहे आणि त्यात मराठी आवाजही आहे. विंडोजच्या भागातून ६० जीबी जागा मोकळी केली, ती रिकामी जागा डेबियनला दाखवली आणि २०२२ च्या जानेवारीत कोणाही डोळस माणसाला न बोलावता दुसरी प्रणाली बसवली. त्या दिवशी आईने भरीत आणि कळण्याची भाकरी केली होती. तिला वाटले, मी नवा संगणक घेतला.

मग उरले ते मधले दहा सेकंद. ग्रब बोलू शकत नसला तरी तो शिट्टी वाजवू शकतो, हे मला त्याच्या मांडणीच्या फाइलमध्ये सापडले. तेथे तीन आकड्यांची एक ओळ झाकून ठेवलेली असते: ४८०, ४४० आणि १. पहिला आकडा लय सांगतो, दुसरा स्वराची उंची आणि तिसरा त्याची लांबी. ओळीच्या सुरुवातीचे चिन्ह काढले की यादी उघडताक्षणी एक बारीक 'टिक्' ऐकू येते. अट एवढीच की मदरबोर्डला बझर हवा, आणि तो माझ्याकडे होता. अनेक लॅपटॉपमध्ये तो नसतो. आमचे घर रेल्वे यार्डाजवळ असल्याने मालगाडी जात असली की ती एकच 'टिक्' बुडून जाई, म्हणून मी त्या ओळीत आणखी दोन स्वर घातले. यादीचा वेळ पाच सेकंदांवरून दहा केला, आणि हेही लक्षात ठेवले की एकदा कोणताही बाण दाबला की उलटी मोजणी थांबते, आणि किती वेळा दाबला याचा घोळ झाला तर 'होम' कळ पुन्हा पहिल्या ओळीवर नेते. यादीत पहिले डेबियन, दुसरे त्याचेच प्रगत पर्याय, तिसरे विंडोज. तीन स्वर, दोनदा खाली, एंटर. ही ओळ ब्रेलमध्ये टोचून मी कॅबिनेटच्या कडेला चिकटवली.

दीड वर्ष हे सुरळीत चालले. २०२३ च्या पावसाळ्यात मी डेबियन ११ वरून १२ वर गेले, दुसऱ्या सकाळी हिशेबासाठी दोनदा खाली आणि एंटर केले, आणि वाट पाहत बसले. विंडोजचा आवाज आला नाही. बंद करून पुन्हा केले, तरी शांतता. तिसऱ्यांदा मात्र मनात नको ते विचार आले: डिस्क गेली, व्यापाऱ्यांची तीन महिन्यांची खाती गेली, आता कोणाला तोंड दाखवायचे. शेवटी शाळेतून आलेल्या भाच्याला पडद्यासमोर बसवले. त्याने इंग्रजी अक्षरे एकेक करून वाचली, तेव्हा कळले की आपण मदरबोर्डच्या सेटिंगच्या पडद्यावर आहोत. हा पडदा कोणत्याही परिस्थितीत बोलत नाही, आणि त्यात चुकून एखादी कळ दाबली तर डिस्कचा क्रमही बदलू शकतो.

चूक माझी होती. नव्या आवृत्तीतल्या ग्रबने शेजारच्या प्रणाली शोधण्याचे काम सुरक्षेच्या कारणास्तव आपणहून करणे थांबवले होते, आणि तसे नव्या आवृत्तीच्या टिपणांत स्पष्ट लिहिले होते. मी ती टिपणे वाचलीच नव्हती. विंडोज जागच्या जागी होते, पण यादीतून त्याची ओळ गळाली होती, आणि तिच्या जागी खालची, मदरबोर्डच्या सेटिंगची ओळ वर सरकली होती. डोळस माणसाला हा बदल एका दृष्टिक्षेपात दिसला असता. मी मात्र ओळ न ओळखता केवळ तिची जागा मोजत होते. उपाय मांडणीच्या फाइलमधल्या एका ओळीचा होता. तिचे शब्द मोठे गमतीचे आहेत: 'शोधणे बंद: नाही'. एवढे लिहून यादी नव्याने तयार केली आणि विंडोज परत आले.

घड्याळाची गोष्ट थोडक्यात सांगते. लिनक्स मदरबोर्डचे घड्याळ जागतिक वेळेवर लावते आणि विंडोज त्याच घड्याळाला स्थानिक समजते, म्हणून सकाळी साडेनऊला मी वेळ विचारली तर विंडोजने चार वाजल्याचे सांगितले. लिनक्सला घड्याळ स्थानिक वेळेवर ठेवण्याची आज्ञा दिली. असे करू नये, असा इशारा ते देते, पण त्यामागची मुख्य भीती ऋतूनुसार घड्याळ मागेपुढे करणाऱ्या देशांची आहे, आणि आपल्याकडे ती पद्धत नाही.

दुसऱ्या आवाजाची खरी किंमत गेल्या एप्रिलमध्ये कळली. विंडोजमध्ये साउंड कार्डाचा ड्रायव्हर बदलला जात असतानाच वीज गेली. खान्देशातला एप्रिल आणि जाणारी वीज यांचे नाते सांगायला नको. वीज आल्यावर विंडोज उघडले, एनव्हीडीएही उघडला असावा, पण आवाज नव्हता. लिनक्समध्ये जाऊन योग्य ड्रायव्हरची फाइल उतरवली, दोन्ही प्रणालींना दिसणाऱ्या सामायिक भागात अगदी छोट्या नावाने ठेवली, आणि मग मुक्या विंडोजमध्ये परतून केवळ आठवणीने रनची चौकट उघडली, मार्ग टाइप केला, एंटर दाबले, परवानगीसाठी ऑल्ट आणि वाय दाबले आणि थांबले. चार-पाच मिनिटांनी एनव्हीडीए वाक्याच्या मध्येच बोलू लागला. त्या सामायिक भागात लिहिता येण्यासाठी विंडोजचे झटपट सुरू होणे आधीच बंद केलेले होते. ते चालू असते तर विंडोज भाग अर्धवट धरून ठेवते आणि लिनक्सला तो फक्त वाचता येतो.

दोन प्रणालींत बोटे गोंधळत नाहीत का, असे विचारले जाते. गोंधळतात. एनव्हीडीएची सवय ऑर्का या लिनक्सच्या स्क्रीन रीडरमध्ये उमटते आणि उलटही होते. घरी अहिराणी आणि शाळेत मराठी बोलत वाढलेल्या माणसाला याचे फारसे नवल वाटत नाही. दोन्हीकडे मराठीसाठी मजकुराचा आवाज करणाऱ्या ईस्पीक या प्रोग्रामचाच आवाज आहे, म्हणून लिनक्समधला मी मुद्दाम खर्जात लावला आहे. पहिला शब्द कानी पडताच कोणत्या घरात आहोत ते कळते.

डेबियन १३ ऑगस्ट २०२५ मध्ये आले, तेव्हा मी टिपणे पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून मगच हात लावला. त्याआधीच यादी मोजण्याचे काम मी सोडून दिले होते. आता संगणक नेहमी लिनक्समध्येच उघडतो आणि तेथून मी ग्रबला पुढच्या एका वेळेपुरते विंडोजचे नाव सांगते. क्रमांक मुद्दाम सांगत नाही, कारण क्रमांक सरकतात. काम संपवून विंडोज बंद केले की संगणक पुढच्या वेळी आपोआप लिनक्समध्ये येतो. कॅबिनेटच्या कडेवरची ब्रेलची पट्टी अजून तेथेच आहे. तिच्यावरचे 'दोनदा खाली, एंटर' हे ठिपके मी नखाने दाबून सपाट केले, आणि खालच्या मोकळ्या जागेत फक्त 'होम' एवढे टोचून ठेवले.