वाटी खाली सरकवली तेव्हा

आईच्या पलंगावरचा पंखा चारवर ठेवला की डुलायचा आणि पाचवर छताजवळच्या, हूक झाकणाऱ्या वाटीतून टकटक यायची. तिला त्याची सवय झाली होती. एका रात्री मात्र टकटकीची करकर झाली, आणि सकाळी मी शिडी लावली.

नुसतं बटण बंद करून भागत नाही. फिटिंग करताना कुणी बटणावर फेजऐवजी, म्हणजे करंट आणणाऱ्या वायरीऐवजी, न्यूट्रल घेतली असेल, तर पंखा थांबतो पण वर करंट राहतोच. म्हणून बोर्डातला वीज तोडणारा एमसीबी स्विच खाली केला आणि टेस्टर लावून बघितलं.

संशय आधी पात्यांवर होता. छतावर एक जागा ठरवली, पंखा हाताने फिरवत एकेक पातं तिच्याखाली आणलं आणि टोकापासून छतापर्यंतचं अंतर पट्टीने मोजलं. दोन पाती सारखी, तिसरं जवळजवळ 1 सेंटिमीटर खाली. त्याच्या बुडाचा एक स्क्रू बोटांनी फिरत होता. तो आवळला, अंतर जुळलं. डुलण्याचं कारण सापडलं म्हणून मी शिडी आवरायलाच लागलो होतो. पण आवाज तर वरून यायचा!

मग वाटीचा बारीक स्क्रू ढिला करून वाटी दांडीवरून खाली सरकवली. डोळ्यांत धूळ गेली, ती पुसून वर बघितलं. दांडीच्या टोकाला यू आकाराचा क्लॅम्प असतो, त्याच्या दोन कानांतून आडवा बोल्ट जातो, बोल्टवर रबरी रीळ असतं आणि ते रीळ छतातल्या हुकात बसतं. म्हणजे सगळा पंखा त्या एका बोल्टवर. आमचं रबर कडक होऊन फाटलं होतं. हूक थेट बोल्टवर घासत होता, बोल्टला नखाला लागेल एवढी खाच पडली होती. करकर तिथली. त्याहून वाईट म्हणजे नट सुटून बाहेर येऊ नये म्हणून जी दोन पायांची स्प्लिट पिन लागते, तिच्या जागी वायरचा तुकडा पिळून घातलेला. तोही एका बाजूने तुटलेला. पंखा बसवला त्या दिवशी शिडी धरायला मीच उभा होतो.

पलंग सरकवला आणि पुढचं काम इलेक्ट्रिशियनवर सोडलं. चार-पाच किलोंचं धूड डोक्यावर पेलत एकट्याने बोल्ट काढायची हौस कुणी करू नये, असं माझं मत. त्याने पंखा उतरवून पहिल्यांदा हूक तपासला: गंज खरवडला, तोंड फाकलंय का बघितलं, मुळाशी प्लास्टरला भेगा आहेत का ते टॉर्चने पाहिलं. हूक स्लॅबमधल्या सळईला अडकवलेला होता, म्हणून वाचलो. मग नवं रीळ, नवा बोल्ट, नट आणि पिन. पिनेचे दोन्ही पाय त्याने पक्कडीने उलट दिशांना वाकवले. मोटरच्या बाजूलाही दांडीला बोल्ट आणि पिन असते, तीही बघितली. वायरला थोडा ढील ठेवला, तिच्यावर भार यायला नको.

टांगलेला पंखा हाताने ढकलला की थोडा झुलतो. मी घाबरलो, तर तो म्हणाला, "झुलू दे की दादा, रीळ त्यासाठीच असतं." मग एकपासून पाचपर्यंत प्रत्येक स्पीडवर चालवून बघितला. परत बंद करून नट पुन्हा हाताने तपासला, तेव्हा कुठे वाटी वर गेली.

त्याच दुपारी हॉलमधल्या पंख्याची वाटी उतरवली. पिन होती, पण पाय सरळच. ते वाकवून टाकले. स्वयंपाकघरातली वाटी राहिली आहे. तिचा स्क्रू गंजून घट्ट बसलाय. तेल सोडून ठेवलंय, आणि तोवर तो पंखा बंदच आहे.