तुम्ही विचारलंत म्हणून: ठाण्यात कसली आलीय थंडी?

“अहो, ठाण्यात कसली आलीय थंडी? मग एवढं विणून घालता कधी?”

पिशवीतून क्रोशाची सुई बाहेर निघाली की हा प्रश्न येतोच. वाशीच्या गाडीत येतो, लग्नाच्या हॉलवर येतो, सोसायटीच्या गणपतीत तर हमखास येतो. विचारणाऱ्या काकू असल्या तर पाठोपाठ “बाळासाठी का?” हेही असतं. नाही काकू, बाळासाठी नाही. माझ्यासाठीच विणते, आणि वर्षभर घालते, अगदी मे महिन्यातसुद्धा. गाडीत एवढंच सांगून होतं, कारण ऐरोली येतं आणि विचारणाऱ्या उतरून जातात. म्हणून एकदा नीट सांगते.

आधी एक गंमत. लोकर कशाला, असं ज्या ठाण्यात विचारतात त्याच ठाण्यात 1925 साली लोकरीची गिरणी सुरू झाली. पुढे तीच रेमंड. पोखरण रोडचा तो कारखाना 2009 मध्ये बंद पडला, आता तिथे टॉवर उभे आहेत. म्हणजे ठाणेकरांचा लोकरीशी संबंध होता, पण तो कामापुरता. सूट शिवून घेणारे वेगळे, घामाघूम होऊन गिरणीत जाणारे वेगळे.

माझाही लोकरीशी फार संबंध नाही. मी जे अंगावर घालते ते सुती असतं, आणि सगळा गैरसमज इथेच आहे. आपल्याकडे विणायचं म्हटलं की लोकर, आणि लोकर मागितली की दुकानदार काउंटरवर ठेवतो तो ॲक्रिलिकचा गुंडा. स्वस्त, मऊ, हव्या त्या रंगात, मशीनमध्ये धुतला तरी चालतो. टोप्या, खेळणी, पिशव्या यांच्यासाठी माझी काही तक्रार नाही. पण साध्या हवेत सुती धागा स्वतःच्या वजनाच्या आठेक टक्के ओलावा धरतो, ॲक्रिलिक जेमतेम एक-दोन टक्के. घाम जाणार कुठे? ऑक्टोबरच्या दुपारी ॲक्रिलिकचा टॉप घालून ठाणे स्टेशनचा एक पूल चढा, मग मला वेगळं सांगावं लागणार नाही. मेंढीची खरी लोकर सोळा टक्क्यांच्या आसपास ओलावा घेते, तिचा गुण मोठा आहे. पण ती ऊबही धरून ठेवते, आणि ती ऊब मनालीला न्या.

थंडी मुळीच नाही असंही म्हणणार नाही. एसी लोकलमध्ये असते. ऑफिसात ज्या खुर्चीच्या डोक्यावर एसीचं तोंड असतं त्या खुर्चीत तर बारमाही असते. त्यासाठी एक श्रग पिशवीत ठेवते. तोही सुतीच.

तर धागा सुती. नेहमीचा चार पदरी निटिंग कॉटन किंवा क्रोशाचा नंबरी दोरा. नंबरी दोऱ्यात नंबर वाढला की दोरा बारीक होतो: दहा जाड, चाळीस बारीक. लेबलवर ‘मर्सराइज्ड’ लिहिलेलं दिसेल. जॉन मर्सर या इंग्रज माणसाला 1844 मध्ये दिसलं की कॉस्टिक सोड्यात बुडवलेला सुती धागा फुगतो, बळकट होतो आणि रंग चांगला धरतो. चकाकी आली ती नंतर, 1890 मध्ये, होरेस लो यानं धागा ताणून धरून तीच प्रक्रिया केली तेव्हा. टॉपला मी हाच चकाकीचा धागा घेते. त्याला तूस कमी येतं, टाका स्वच्छ उठून दिसतो. मानेला सतत घासणाऱ्या गोष्टींना मात्र साधा सुती धागा बरा, तो मऊ असतो.

पण अंगावरचं विणकाम बिघडतं ते धाग्यामुळे कमी, सुईमुळे जास्त. हे मी ज्यांना-ज्यांना सांगते त्यांना पटत नाही. आपल्या घराघरांत क्रोशा आला तो रुमाल, तोरणं आणि टीव्हीवरची झाकणं घेऊन. त्या सगळ्याला ताठपणा लागतो. बारीक सुई, आवळलेला हात, वर खळ. तीच सवय टॉपला लावली की तयार होतो पुठ्ठा. घालून हात वर केला तर सगळा टॉप हाताबरोबर वर येतो. अंगावरचं कापड लोंबायला हवं, दोन टाक्यांमधून वारा जायला हवा. म्हणून चार पदरी कॉटनला रुमालासाठी अडीच-तीन मिलिमीटरची सुई घेत असाल, तर टॉपसाठी साडेतीन किंवा चारची घ्या. वीस नंबरच्या दोऱ्याला सव्वा-दीडऐवजी दोनची. पहिल्या चार ओळी बघून “फारच विरविरीत दिसतंय” असं वाटेल. वाटू दे.

आणि सुई विकत घेताना नुसता आकडा बघू नका. तिच्या टोकाशी खाच असते, खाचेमागे मान, मग सरळ दांडा. टाक्याचं माप दांड्यावर ठरतं. काही सुयांची मान निमुळती असते. हात घट्ट असेल तर टाका दांड्यापर्यंत पोचतच नाही, मानेवरच आवळला जातो. मग दांड्यावर चार लिहिलंय, आणि टाके पडतात साडेतीनचे. अशा हातांना सरळ मानेची सुई मानवते. दुसरं, घाम. रंग न दिलेल्या ॲल्युमिनियमच्या सुया आपल्या हवेत बोटं काळी करतात आणि पांढऱ्या धाग्याच्या पहिल्या ओळी करड्या होतात. पोलादी बारीक सुयांवरचा निकेलचा मुलामा घासला गेला की पावसाळ्यात टोकाला गंज येतो, आणि गंजाचा डाग धाग्यातून जात नाही. मी त्या सुया टाल्कम पावडर लावलेल्या फडक्यात गुंडाळून डबीत ठेवते. आईची पद्धत आहे, शास्त्र विचारू नका.

दोन सुयांवर विणणाऱ्यांसाठी एक इशारा. आपल्या आया-आज्यांच्या सुया जुन्या ब्रिटिश नंबरांच्या. त्यात आठ नंबर म्हणजे चार मिलिमीटर, दहा नंबर म्हणजे सव्वातीन. अमेरिकन पॅटर्नमध्ये आठ म्हणजे पाच मिलिमीटर आणि दहा म्हणजे सहा. आजीची आठ नंबरची सुई काढून अमेरिकन स्वेटर विणायला बसलात तर तो भाच्याला होईल. नंबर सोडा, मिलिमीटर बघा. आणि गाडीत विणायचं असेल तर लांब सरळ सुया घरीच ठेवा. शेजारणीच्या बरगडीचा प्रश्न आहे. वायरने जोडलेल्या गोल सुया मांडीतल्या मांडीत राहतात. निटप्रो कंपनीच्या लाकडी सुया मला आवडतात, घामट हातातून टाके सुळकन निसटत नाहीत.

आता नमुन्याचा चौकोन, म्हणजे टॉप सुरू करण्याआधी त्याच धाग्यानं, त्याच सुईनं विणून बघायचा छोटा तुकडा. सगळ्यांना कंटाळा येतो, मलाही येतो, पण याला पर्याय नाही. दहा सेंटिमीटरला किती टाके बसतात ते मोजायचं. समजा वीस बसले आणि छातीचा घेर सैलपणा धरून 104 सेंटिमीटर हवा, तर 208 टाके. पण तुमच्या हातात प्रत्यक्षात एकोणीसच बसत असतील, तर तेच 208 टाके एकशे चार नाही, एकशे साडेनऊ सेंटिमीटर होतात. फक्त एका टाक्याचा फरक, आणि टॉप साडेपाच सेंटिमीटरने ढगळ! चौकोन आधी धुवायचा. मग ओला असतानाच वळणीवर टांगून खालच्या कडेला तीन-चार चिमटे लावायचे आणि वाळला की पुन्हा मोजायचं. सुती धाग्याला लोकरीसारखी परत आखडण्याची ताकद नसते. तो स्वतःच्या वजनानं खाली ओढला जातो आणि तिथेच राहतो. भरगच्च खांबांचा, म्हणजे क्रोशाच्या उंच टाक्यांचा टॉप तीनशे-चारशे ग्रॅम सहज भरतो. ते सगळं वजन पेलतात दोन खांदे. म्हणून खांद्याच्या ओळी मी मुक्या खांबाच्या, म्हणजे बुटक्या घट्ट टाक्याच्या, एक नंबर बारीक सुईनं घालते, आणि उंची मुद्दाम चार-पाच सेंटिमीटर कमी ठेवते. दोन-तीनदा घातला की बरोबर होते.

नक्षी म्हणाल तर जाळी. एक खांब, दोन साखळ्या, एक खांब. धागा कमी, वजन कमी, वारा भरपूर. अननसाची नक्षी सगळ्यांना हवी असते, दिसतेही छान, पण पोटावर मोठा अननस मला नको वाटतो. तो पाठीवर टाका. “मग आत काय घालता?” हे आवाज खाली करून विचारलं जातं. सुती स्लिप, अंगाच्या रंगाची. पांढरी घातली तर जाळीतून तीच आधी दिसते.

“विकता का?” हाही प्रश्न येतो, आणि किंमत ऐकल्यावर “मॉलमध्ये तर एवढ्याला मिळतो” असं उत्तर मिळतं. मिळतो खरा. पण स्वेटर विणणारी यंत्रं असतात, खरा क्रोशा विणणारं यंत्र बाजारात नाही. मॉलमधला टॉप खरा क्रोशाचा असेल तर तोही कुणीतरी हातानंच विणलाय. त्या बाईला काय मिळालं असेल ते मला माहीत नाही, मला तेवढ्यात परवडत नाही. म्हणून विकत नाही.

राहिलं धुणं. थंड पाण्यात, हातानं, आणि पिळायचं नाही. जाड टॉवेलमध्ये गुंडाळून वर हातानं दाबायचं, पाणी टॉवेल पितो. त्यानंतर आडवं पसरायचं, दोरीवर टांगायचं नाही, नाहीतर टॉपचा कुर्ता होतो. आमच्या वन बीएचकेत आडवी जागा म्हणजे पलंग. सकाळी ऑफिसला निघताना चादरीवर कोरडा टॉवेल, त्यावर टॉप, वर पंखा. एप्रिलमध्ये संध्याकाळी परत येईपर्यंत वाळतो. जुलैत दोन दिवस लागतात, आणि रात्री तो कपाटाच्या माथ्यावर हलवावा लागतो.