फुलांगात नांगर टाकला

फिजीच्या लाऊ बेटांतलं फुलांगा. लगूनमध्ये, म्हणजे बेटाच्या कुशीतल्या शांत पाण्यात, शिरायला एकच चिंचोळी वाट. भरती-ओहोटीची ओढ थांबते तेवढ्यात आणि ऊन डोक्यावर असतानाच आत यायचं, नाहीतर पाण्याखालची पोवळी दिसत नाहीत. मी पुढच्या डेकवरून "डावीकडे, अजून डावीकडे" ओरडून घसा बसवून घेतला. त्यात वॉटरमेकरचा (समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या यंत्राचा) पंप सकाळपासून रुसलाय. म्हणजे आज आंघोळ तांब्याभर पाण्यात.

दुपारी गावात सेवुसेवु, म्हणजे पाहुण्यानं भेट देऊन परवानगी मागायचा विधी. राजधानी सुवाच्या बाजारातून आणलेली यांगोनाच्या मुळ्यांची जुडी गावप्रमुखांपुढे ठेवायची, मगच त्यांच्या पाण्यात राहायची परवानगी. टोपी काढली, कमरेला सुलू (आपली लुंगीच म्हणा) गुंडाळली आणि चटईवर मांडी घातली. मला सवय आहे हो, पण आमच्या कॅप्टनचे गुडघे दहा मिनिटांत बोलू लागले! करवंटीतून कावा, म्हणजे यांगोनाच्या मुळ्यांचंच पेय, आला. आधी १ टाळी, "बुला", एका दमात घोट, मग ३ टाळ्या. चव मातकट, तिखटसर, जीभ बधिर.

रात्री ९ ला आईला फोन लावला. तिकडे दुपारचे अडीच.
"जेवलास का?"
जेवलो गं. नारळाच्या दुधातला मासा. फक्त जिभेला काही कळलं नाही.