आईच्या रक्तातली दोन शिखरं

प्रयोगशाळेत आलेल्या डब्यात रक्ताच्या दोनच ट्यूबा होत्या. एक तीन वर्षांच्या मुलाची, दुसरी त्याच्या आईची. सोबत एका निरोगी माणसाचंही रक्त पाठवा असं आम्ही दर वेळी बजावतो. ते नव्हतं.

मुलाला दोनदा यकृतात गळू झालेलं, आता फुफ्फुसात अ‍ॅस्परजिलस बुरशी. वाचतानाच सीजीडीची, म्हणजे क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीजची शंका आली. यात न्यूट्रोफिल, म्हणजे रक्तातल्या जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, जंतू गिळतात, पण कित्येक जंतू त्यांना मारता येत नाहीत. त्यासाठी लागणारं सुपरऑक्साइड आणि त्यापासून होणारं हायड्रोजन पेरॉक्साइड बनवणारं एन्झाइमच निकामी असतं.

पेशींत डीएचआर हे रंगद्रव्य भरलं, पीएमए हे रसायन घालून त्यांना चेतवलं, 37 अंशांवर ठेवलं आणि एकेका पेशीची चमक मोजणाऱ्या फ्लो सायटोमीटर यंत्राला लावलं. पेरॉक्साइड बनलं तर पेशी हिरव्या चमकतात. तुलनेसाठी माझंच रक्त घेतलं होतं; त्याचा आलेख सरळ उजवीकडे, चमकेच्या बाजूला सरकला. मुलाचा जागचा हलला नाही.

तरी रिपोर्ट लिहायला हात धजेना. न्यूट्रोफिल फार नाजूक, शरीराबाहेर दिवसभरात मलूल होतात. माझं रक्त ताजं, त्याचं रात्रभर प्रवास करून आलेलं. मरत आलेल्या पेशीही अशाच गप्प बसतात. चुकीच्या निदानाचं ओझं त्या घरावर टाकायचं कसं?

मग आईची ट्यूब लावली. पडद्यावर दोन शिखरं उभी राहिली! निम्म्याच्या आसपास पेशी लख्ख, बाकीच्या मुलासारख्याच अंधारात. मी खुर्चीतून उठलेच. त्याच डब्यातून, तेवढ्याच तासांचा प्रवास करून आलेलं रक्त, आणि त्यातल्या निम्म्या पेशी ठणठणीत! दोष प्रवासाचा नव्हता. त्या एन्झाइमचा एक भाग बनवणारं सीवायबीबी जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. (1986 साली ते सापडलं ते केवळ गुणसूत्रावरच्या जागेच्या मागावरून, त्याचं प्रथिन हाती नसताना. मला आजही याचं अप्रूप वाटतं.) बाईच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स बंद असतो, कुठला, ते गर्भातच ठरून जातं. आईचा एक एक्स बिघडलेला, एक चांगला; मुलाकडे एकच एक्स, तोही बिघडलेला. तोच हिशेब माझ्यासमोर होता.

डॉक्टरांना लगेच फोन केला. जनुकाची तपासणी पुढे होईलच, पण संसर्ग टाळण्यासाठीचं कोट्रायमॉक्साझोल हे प्रतिजैविक थांबवायचं नाही आणि बोन मॅरो प्रत्यारोपणाची बोलणी आत्ताच सुरू करायची, असं ठरलं. मी विचारलं, "आईला भाऊ होता का?"

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. "होता. चार वर्षांचा असताना न्यूमोनियानं गेला. आणि एक धाकटी बहीण आहे, तिला पाचवा महिना आहे."

"तिचं रक्त उद्याच पाठवा," मी म्हटलं. "आणि सोबत निरोगी माणसाची ट्यूब नक्की ठेवा."