माजुली: ब्रह्मपुत्रेचा ढासळता काठ टिपताना

ब्रह्मपुत्रेची छायाचित्रे म्हटली की सूर्यास्त आणि नावाड्याची काळी आकृती एवढ्यावरच बहुतेकांचे समाधान होते. आम्ही नोव्हेंबरअखेरीस आसाममधील माजुली बेटावर गेलो, ते नदी काठ कसा खाते हे टिपण्यासाठी. १५ ऑगस्ट १९५० च्या भूकंपात डोंगर ढासळून अतोनात गाळ नदीत आला, पात्र उथळ झाले आणि धूप बळावली. एकेकाळी सुमारे १,२५० चौरस किलोमीटर मानले जाणारे हे बेट आज निम्मेही उरलेले नाही.

जोरहाटजवळच्या निमाती घाटावरून कमलाबाडीकडे फेरीबोट जाते. तिच्यात दुचाकी आणि मोटारीही चढवतात. पाण्याच्या पातळीनुसार धक्का आणि वेळा दोन्ही बदलत असल्याने आदल्या दिवशी चौकशी करावी आणि परतीची शेवटची बोट दुपारीच सुटते हे ध्यानात ठेवावे. महाराष्ट्रातून जाणाऱ्यांची खरी फसगत होते ती उजेडाबाबत. घड्याळ तेच असले तरी डिसेंबरात तेथे साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे तीननंतरचा कोवळा उजेड चहापाण्यात घालवणे परवडत नाही. हिवाळ्यात सकाळी धुके बराच वेळ रेंगाळते. त्यात चित्रे मोहक येतात, पण काठाचा पोत हरवतो.

काम मनासारखे झाले ते बेटाच्या आग्नेय टोकाच्या सालमोरा परिसरात. येथील स्त्रिया चाकाशिवाय, हाताने थापून मडकी घडवतात आणि ती भाजण्यासाठी नदीतून वाहत आलेली लाकडे वापरतात. माती काठाची, सरपण प्रवाहाचे. कापलेल्या दरडीत वर गवताची मुळे लोंबत होती, त्याखाली चिकणमातीचा करडा पट्टा आणि तळाशी सैल वाळू होती. पाणी ही वाळू आधी ओढून नेते आणि वरचा थर आधाराविना कोसळतो. पूर ओसरताना, काठ पाण्याने जड झालेला असताना, ही पडझड विशेष होते. म्हणून काठाला समांतर भेग दिसली की तिच्या पलीकडे पाऊल टाकू नये, मग दृश्य कितीही चांगले असो.

दरडीचे थर नावेतून, ७०–२०० मिलिमीटरसारख्या, दूरचे जवळ आणणाऱ्या लेन्सने टिपावेत. रुंद कोनाच्या लेन्समध्ये हा सपाट प्रदेश नुसती एक रेघ होऊन बसतो. गढूळ पाण्यावरची चकाकी पोलरायझर फिल्टरने कमी होते. वाळूच्या बेटांवर, ज्यांना तेथे चापोरी म्हणतात, वारा असताना लेन्स बदलू नये.

पुढच्या वर्षी तेच दृश्य पुन्हा टिपायचे असेल, तर काठावरची खूण कामाची नाही, कारण ती जागाच उरेल याची खात्री नाही. आम्ही आतल्या बाजूचे नामघर, म्हणजे गावाचे प्रार्थनागृह, आणि विजेचा खांब चौकटीत घेतला, जीपीएस आणि होकायंत्राची दिशा टिपून ठेवली. जोडीला १९७२ पासूनची लँडसॅट उपग्रहचित्रे विनामूल्य मिळतात. ती आधी पाहून गेल्यास पात्र कोणत्या बाजूला सरकले ते कळते आणि वणवण वाचते. घर हलवणारे कुटुंब दिसले, तर विचारल्याशिवाय कॅमेरा उचलू नये.

कास गवताचे पांढरे तुरे हवे असतील, तर सप्टेंबर-ऑक्टोबर गाठावा. ताजा कापलेला काठ पाहायचा असेल, तर त्यानंतरचे आठवडे बरे. कार्तिकी पौर्णिमेच्या रासोत्सवाला मात्र बेटावर मोठी गर्दी होते, तेव्हा मुक्कामाची सोय बरीच आधी करावी.